एलएस१ इंजिन, कॅम-हेड आधीच बदललेले: व्हॉल्व्हट्रेनचे (कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या साखळीचे) बदली भाग नेमके कोणते मागवायचे?

टेक्सासचा_नाशिककर
गाडी २००२ ची कॅमॅरो झी२८, मॅन्युअल गिअरबॉक्स. कारखान्यातून ५.७ लिटर एलएस१ आलेलं. आधीच्या मालकाने इंजिनात काम करून घेतलंय, पण बिलं, कागद, कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचं) कार्ड काहीही मिळालेलं नाही. आयडलला गाडी डुलते, म्हणजे कॅम मूळचा नाही एवढं नक्की.

ड्रायव्हरच्या बाजूने टिक-टिक आवाज येतो. गरम झाल्यावरही जात नाही, आरपीएमबरोबर वाढतो. ऑइल प्रेशर व्यवस्थित. त्या बाजूचं रॉकर कव्हर उघडलं. स्प्रिंगा एकेरी आणि वर निमुळत्या आहेत, रंगाची पट्टी उडून गेलेली. रॉकर (व्हॉल्व्ह खाली दाबणाऱ्या पट्ट्या) मूळचेच दिसतात. पाच नंबर सिलिंडरचा एक्झॉस्ट रॉकर बोटाने फिरवला की खरखरतो. हेडच्या टोकाला २४३ आकडा आहे.

२००२ च्या एलएस१ साठी मिळणारा स्प्रिंग, सील, लॉकचा सेट आणि ७.४०० इंचाच्या १६ पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्या) मागवल्या तर चालेल का? हेड न उतरवता काम झालं तर बरं.

कॅमशाफ्ट९७
अजून काहीच मागवू नका. तुमच्या गाडीचं साल आता फक्त आरसीबुकापुरतं उरलंय, इंजिनाला ते लागू होत नाही.

२००२ च्या कॅमॅरोवर २४१ हेड यायचं. २४३ हे एलएस६ चं, म्हणजे झी०६ कॉर्व्हेटचं कास्टिंग. चेंबर लहान, साधारण ६४.५ सीसी, २४१ चा ६७ च्या आसपास. व्हॉल्व्हची डोकी मात्र दोन्हींत सारखीच, इनटेक २.०० इंच आणि एक्झॉस्ट १.५५. पुढे हेच २४३ एलएस२ वरही आलं. म्हणून २४३ दिसलं की आत एलएस६ चे हलके पोकळ व्हॉल्व्ह असणारच असं धरू नका. २००२ ते २००४ च्या एलएस६ चे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले असतात. तसे निघाले तर ते कापायचे नाहीत, दांडी ग्राइंडरला लावायची नाही.

व्हीआयएनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) आठवा आकडा ‘जी’ असेल तर कारखान्यात एलएस१ बसवलं होतं एवढंच कळतं. डीलर त्यावरून जे भाग देईल ते कारखान्यातल्या इंजिनाचे. तुमच्यापुढचं इंजिन वेगळं आहे.

ओळख कॅमपासून सुरू करायची. लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) किती हे कळल्याशिवाय स्प्रिंग ठरत नाही, आणि स्प्रिंग ठरल्याशिवाय रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी), लॉक (ती टोपी व्हॉल्व्हच्या दांडीला धरणारे तुकडे), सील, सीट यांतलं काहीच ठरत नाही.

मिशिगनकर
मोजायच्या आधी आवाज नक्की व्हॉल्व्हट्रेनचाच आहे ना, हे बघून घ्या. एलएस१ मध्ये थंडीत पिस्टन स्लॅप होतो, तो गरम झाल्यावर कमी होतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा मागच्या टोकाचा बोल्ट तुटतो, तिथून गळणारा गॅस हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. गाडी थंड असताना मॅनिफोल्डच्या कडेला काजळी आहे का, टॉर्च लावून बघा.

तुमचा आवाज गरम झाल्यावरही टिकतो आणि रॉकर खरखरतोय, तेव्हा बहुतेक वरचंच दुखणं असावं. रॉकरच्या ट्रनियनमधल्या (मधल्या आसाच्या) बेअरिंगच्या सुया पिंजऱ्यात धरलेल्या नसतात. कडक स्प्रिंग आणि जास्त लिफ्ट मिळाली की त्या बाहेर येतात आणि सरळ चेंबरमध्ये उतरतात. तो रॉकर काढा, ट्रनियन बाहेर घ्या आणि दोन्ही बाजूंच्या सुया मोजा. शेजारच्या चांगल्या रॉकरमधल्याही मोजा. जेवढ्या कमी भरतील तेवढ्या ऑइल पॅनमध्ये आहेत असंच समजा.

भोसरी_मशीनशॉप
कॅमची लिफ्ट हेड न उतरवता मोजता येते. दोन्ही बाजूंचे सगळे रॉकर काढा, पुशरॉड जागेवरच ठेवा. डायल गेजचं टोक पुशरॉडच्या वरच्या टोकावर सरळ रेषेत बसवा. तिरकं बसलं तर आकडा चुकतो. लोब (कॅमवरचा उंचवटा) बेस सर्कलवर, म्हणजे न उचलणाऱ्या गोल भागावर, असताना डायल शून्यावर आणा आणि क्रँक हाताने, घड्याळाच्या दिशेने, हळूहळू फिरवा. सगळ्यात मोठा आकडा म्हणजे लोबची लिफ्ट. तिला १.७ ने (रॉकरच्या गुणोत्तराने) गुणा, तो व्हॉल्व्ह लिफ्ट.

रिटेनरवर डायल लावू नका. रॉकर बसलेला असताना स्प्रिंगच्या ताकदीने हायड्रॉलिक लिफ्टर (लोब आणि पुशरॉडमधला, तेलावर चालणारा भाग) खाली दबतो आणि आकडा कमी येतो. रॉकर काढल्यावर लिफ्टरवर फक्त पुशरॉडचं वजन उरतं, त्यामुळे आकडा खरा मिळतो.

सोळाच्या सोळा मोजा. एकच मोजून बाकी तसेच धरू नका. आठ इनटेक आपापसात आणि आठ एक्झॉस्ट आपापसात दोन-तीन थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) आत जुळायला हवेत.

पुशरॉड काढाल तेव्हा काचेवर फिरवून बघा. वाकलेली लगेच कळते. टोकाला निळेपणा किंवा खड्डा असेल तर लिफ्टर आणि रॉकरचा कपही बघावा लागेल.

टेक्सासचा_नाशिककर
मोजलं. इनटेक आठही ०.३५२ ते ०.३५४ इंच. एक्झॉस्ट सात ०.३५२ ते ०.३५३. पाच नंबरचा एक्झॉस्ट मात्र ०.३३१, तीनदा मोजला, तेवढाच येतो. त्याच रॉकरच्या एका बाजूच्या तीन सुया कमी आहेत. मॅनिफोल्डला काजळी नाही.

एक स्प्रिंग काढून बघितली. बसवलेली उंची १.७९० इंच. व्हाइसमध्ये वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत दाबली, १.१६५ भरली.

कॅमशाफ्ट९७
यातच बरंच उत्तर आहे.

०.३५३ ला १.७ ने गुणलं की ०.६०० इंच लिफ्ट. मूळ २००२ च्या एलएस६ कॅमची लिफ्ट ०.५५१ आणि ०.५४७ होती, एलएस१ ची त्याहून कितीतरी कमी. १.७९० मधून ०.६०० गेले की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना स्प्रिंगची उंची उरते १.१९०. स्प्रिंग बंद होते १.१६५ ला. म्हणजे अंतर फक्त २५ थाऊ. किमान ५० ते ६० थाऊ लागतात, कारण वरच्या आरपीएमला स्प्रिंगमध्ये लाट उठते आणि वेटोळी एकमेकांवर आपटतात. ही स्प्रिंग या कॅमची नव्हेच. कुणीतरी कॅम मोठा घातला आणि स्प्रिंग लहान कॅमची ठेवली.

पाच नंबरचं मात्र गंभीर आहे. लोबला २२ थाऊ कमी म्हणजे व्हॉल्व्हला ३७ थाऊ कमी. एलएसचा लिफ्टर रोलर असतो. त्याचा रोलर अडकला, किंवा लिफ्टर आपल्या अक्षाभोवती फिरून तिरका झाला, की लोब खाल्ला जातो. आता हेड न उतरवता काम होणार नाही. एलएसमध्ये लिफ्टर वरून निघत नाही, हेड काढावंच लागतं.

सोलापूरी_पिस्टन
लिफ्टर तिरका होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे प्लास्टिकचा ट्रे. इंजिनात असे चार ट्रे असतात, एकेकात चार लिफ्टर. लिफ्टरच्या सपाट बाजू ट्रेच्या खाचेत घट्ट बसायला हव्यात. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून खाच सैल होते. नवे १६ लिफ्टर घेऊन जुने ट्रे ठेवणं म्हणजे नवं दार जुन्या, खिळखिळ्या बिजागरीवर टांगण्यासारखं. ट्रे स्वस्त आहेत, चारही बदला.

जीएमचा ट्रेचा नंबर १२५९५३६५, एलएस७ लिफ्टरच्या सोळाच्या सेटचा १२४९९२२५. जीएम नंबर बदलत असते, तेव्हा डीलरकडे आजचा बदली नंबर विचारूनच घ्या. सिलिंडर बंद करणाऱ्या इंजिनांचे लिफ्टर आणि ट्रे दिसायला जवळपास सारखे असतात, ते मात्र नकोत.

मिशिगनकर
सुया आणि लोबचं लोखंड दोन्ही तेलात गेलेत. ऑइल फिल्टर कटरने उघडा. हॅकसॉ वापरू नका, तिचाच भुगा आत पडतो आणि मग काय कशाचं ते कळत नाही. कागद उलगडून त्यावर चुंबक फिरवा. लोखंडाचा बारीक काळा गाळ चुंबकाला चिकटेल. तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर बेअरिंगपर्यंत गेलंय, मग फक्त वरचं काम करून भागणार नाही.

पॅन उतरवाच. पंपाच्या पिकअपची ओ-रिंग नवी घाला, आणि जाड-पातळ अशा दोन प्रकारांतली तुमच्या पिकअपला बसणारीच. चुकीची बसली तर पंप हवा ओढतो, प्रेशर डुलतं आणि नवे लिफ्टर पहिल्याच दिवशी वाजतात.

टेक्सासचा_नाशिककर
फिल्टर उघडला. काळा गाळ भरपूर, दोन सुया सापडल्या, तांब्याचा रंग कुठेच नाही. हेड उतरवतोय. कॅम नवाच घ्यावा लागणार. २२४/२२८ अंश (इनटेक/एक्झॉस्ट उघडे राहण्याचा काळ), लिफ्ट दोन्हीकडे ०.५८५ इंच असा बघतोय. काय काय जपायचं?

कॅमशाफ्ट९७
कॅम जेन-३ चाच (एलएस१ च्या पिढीचा) घ्या: पुढे तीन बोल्ट, सेन्सरची खाच मागच्या टोकाला. नंतरच्या इंजिनांत एका बोल्टचा कॅम आला आणि सेन्सर पुढे गेला. तो तुमच्या संगणकाला चालणार नाही. जुना कॅम बाहेर आला की पुढच्या टोकावर कोरलेला नंबर वाचा. आधीच्या माणसाने काय घातलं होतं ते त्यावरून कळेल.

क्रँक पुलीचा बोल्ट नवा आणा. पुली बसवताना जुना बोल्ट २४० फूट-पाउंडाला आवळायचा, मग काढून टाकायचा, आणि नवा ३७ फूट-पाउंड अधिक १४० अंश. नवा बोल्ट पुली ओढून बसवायला वापरू नका.

हेड बोल्टही एकदाच वापरायचे. तुमचा ब्लॉक खरंच २००२ चा असेल तर लांब आणि आखूड असे दोन प्रकार लागतील. २००४ पासून मोठे बोल्ट एकाच लांबीचे झाले. ब्लॉक बदललेला असू शकतो, म्हणून निघालेले बोल्ट शेजारी ठेवून बघा, मगच सेट मागवा.

आणि बोल्टची भोकं. ती खाली बंद असतात. हेड काढताना कूलंट आत शिरतं. तसाच बोल्ट आवळला तर अडकलेल्या पाण्याचा दाब ब्लॉकला तडा देतो. प्रत्येक भोक हवेने फुंका, कापडाने पुसा, परत फुंका.

भोसरी_मशीनशॉप
हेड हातात आलंय तर थोडा वेळ द्या. व्हॉल्व्हची दांडी ८ मिमीची. गाइडमध्ये व्हॉल्व्ह थोडा वर काढून दोन्ही दिशांना हलवून बघा. ज्या बाजूला रॉकर ढकलतो त्या बाजूला गाइड जास्त झिजतं. दांडीच्या टोकावर रॉकरच्या घासण्याची पट्टी दिसेल. ती अरुंद आणि मधोमध हवी. कडेला सरकलेली असेल तर पुशरॉडच्या लांबीत किंवा रॉकरच्या उंचीत गडबड आहे.

पाच नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर कसा बसतो ते निळ्या शाईने तपासा. पट्टी पूर्ण गोल, एकसारखी आली तर हलकं लॅपिंग (घासून बसवणं) पुरे. तुटक आली तर सीट कापावी लागेल. सीट कापली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि त्याचं टोक वर येतं. म्हणजे पुशरॉडचं गणित आणि स्प्रिंगची बसवलेली उंची दोन्ही बदलणार. म्हणून सीटचं काम आधी, उंची मोजणं नंतर, आणि शिमची (स्प्रिंगखालच्या पातळ चकत्यांची) ऑर्डर सगळ्यात शेवटी.

टेक्सासचा_नाशिककर
स्प्रिंग कोणती? ड्युअल (एकात एक दोन स्प्रिंगा) घेऊ की परत निमुळती? दुकानदार म्हणतो ड्युअल घ्या, सगळ्यात सुरक्षित.

सोलापूरी_पिस्टन
ड्युअलचा खरा फायदा एकच: बाहेरची तुटली तरी आतली व्हॉल्व्हला धरून ठेवते, तो पिस्टनवर पडत नाही. त्यासाठी ती घ्यायला माझा विरोध नाही. पण फक्त स्प्रिंग मागवून भागत नाही. कारखान्याच्या सीलला खालची सीट जोडलेलीच असते, एकच तुकडा. आतली स्प्रिंग त्या सीलच्या अंगाला घासते. तेव्हा सील वेगळं, अरुंद अंगाचं. सीट वेगळी, स्प्रिंगला आतून मधोमध धरणारी. आणि रिटेनर ड्युअलचाच, कारण निमुळत्या स्प्रिंगचा रिटेनर लहान असतो. चार गोष्टींचा संच एकाच कंपनीचा घ्या. सगळ्यात जास्त चुकीच्या ऑर्डर इथेच होतात.

लॉकचा कोनही बघा. मूळ लॉक ७ अंशाचे, बाजारात १० अंशाचेही रिटेनर मिळतात. १० च्या रिटेनरमध्ये ७ चा लॉक हाताने बसल्यासारखा वाटतो, पण एका कडेवरच टेकलेला असतो. तो सुटला की व्हॉल्व्ह गेला, पिस्टनही गेला.

कॅमशाफ्ट९७
०.५८५ ला माझं मत निमुळत्या स्प्रिंगकडे. वर हलणारं वजन कमी, रिटेनर लहान, मूळ सील-सीट चालतात. ताकद जास्त झाली की रॉकरच्या सुया आणि लिफ्टरचा रोलर दोघांवर भार येतो, आणि तुमच्याकडे नेमकं तेच बिघडलंय. हिशोब करा: बंद असताना १५० पाउंड, स्प्रिंग दर इंचाला ४००, लिफ्ट ०.५८५, तर उघडा असताना १५० अधिक २३४, म्हणजे ३८४ पाउंड. रस्त्यावर ६,५०० आरपीएमपर्यंत फिरणाऱ्या इंजिनाला एवढी गरज नाही.

कॅटलॉगमध्ये बाइंडची (वेटोळी टेकण्याची) उंची १.१४० असलेली निमुळती स्प्रिंग निवडलीत आणि ती १.८०० उंचीला बसवलीत, तर १.८०० वजा ०.५८५ म्हणजे १.२१५, अंतर ७५ थाऊ. पुरेसं. रिटेनरची खालची कड आणि सीलचा माथा यांत पूर्ण लिफ्टला किमान ५० थाऊ उरतात का, तेही हातात धरून मोजा. कॅटलॉगात ते लिहिलेलं नसतं.

रॉकर मूळचेच ठेवा, पण सोळाही ट्रनियनला बुश किंवा पिंजऱ्यातल्या बेअरिंगचा संच घाला. खरखरलेल्याचं शरीर आतून ओरखडलेलं असेल तर तो रॉकरच नवा घ्या. एलएस३ चे रॉकर स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका: त्यांचा इनटेकचा रॉकर बाजूला सरकवलेला असतो, २४३ हेडवर व्हॉल्व्हच्या टोकावर येतच नाही. एलएस७ चे १.८ चे, तेही नकोत.

टेक्सासचा_नाशिककर
पुशरॉडचं काय? हेड उतरवण्याआधी ॲडजस्टेबल पुशरॉडने मोजलं होतं, शून्य लॅशला (सगळी मोकळीक जिथे संपते तिथे) ७.२८५ आलं. बसलेल्या ७.४०० च्या होत्या.

भोसरी_मशीनशॉप
म्हणजे लिफ्टर ११५ थाऊ दाबलेले होते. फार जास्त. वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह नीट बंद होणार नाही. हेड फेसिंग करून (खालचा पृष्ठभाग कापून) पातळ गास्केट घातलेली दिसते. हेड आणि ब्लॉक जवळ आले आणि कुणी पुशरॉड मोजलीच नाही.

पण ७.२८५ आता विसरा. नवा कॅम, त्याचं बेस सर्कल वेगळं. नवे लिफ्टर, नवी गास्केट, लॅपिंग झालेले व्हॉल्व्ह. सगळं बसवून, हेड खऱ्या टॉर्कला आवळून पुन्हा मोजा.

रॉकर बोल्टच्या फेऱ्या मोजून प्रीलोड (लिफ्टर किती दाबलेला राहतो) काढतात, त्यात एक चूक होते. बोल्टचा पिच १.२५ मिमी, म्हणून एक फेरा म्हणजे १.२५ मिमी प्रीलोड असं धरतात. प्रत्यक्षात व्हॉल्व्हचं टोक स्थिर, ट्रनियन १.२५ मिमी खाली येतो आणि पुशरॉडची बाजू त्याहून जास्त खाली जाते. १.७ च्या रॉकरला जवळजवळ २ मिमी. म्हणून ॲडजस्टेबल पुशरॉडच वापरा. २० थ्रेडची असेल तर एक फेरा ५० थाऊ.

लांबी कशी मोजतात हे विक्रेत्याला विचारा. टोकाच्या गोळ्यावर तेलाचं भोक असतं, त्यामुळे तो भाग सपाट होतो. कुणी सपाट टोकापासून मोजतं, कुणी पूर्ण गोळा धरून.

कॅमशाफ्ट९७
त्याच वेळी पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर बघा, हे टाळू नका. एलएस१ च्या पिस्टनला व्हॉल्व्हसाठी खाच नाही, माथा सपाट आहे. फेसिंग झालेल्या हेडला तर बघायलाच हवं. एका सिलिंडरला हलक्या चाचणीच्या स्प्रिंगा लावा, जुन्या लिफ्टरचा प्लंजर घट्ट अडवा, पिस्टनवर मऊ माती (मॉडेलिंग क्ले) ठेवून तिला तेल लावा, क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा. इनटेकला किमान ८० थाऊ, एक्झॉस्टला १००. सगळ्यात कमी अंतर टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आधी-नंतर दहा अंशांच्या आसपास येतं, अगदी टीडीसीला नाही.

टेक्सासचा_नाशिककर
सगळं बसवून मोजलं. मातीत इनटेक ९४ थाऊ, एक्झॉस्ट १३१. शून्य लॅश दोन्ही बँकला ७.३००. लिफ्टरच्या कागदावर प्रीलोड ५० ते ८० थाऊ. बाजारात ७.३५० आणि ७.३७५ दोन्ही मिळतात. पहिल्याने ५० येतो, दुसऱ्याने ७५.

भोसरी_मशीनशॉप
७.३७५ घ्या. तुमचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, पुशरॉड पोलादी. इंजिन तापलं की ॲल्युमिनियम जास्त वाढतं आणि कॅमपासून रॉकरपर्यंतचं अंतर वाढतं. गरम झाल्यावर प्रीलोड थंडीतल्यापेक्षा कमीच होतो. थंडीत ५० ठेवलात तर गरम असताना कागदाच्या खाली जाईल.

रॉकर आवळताना त्या सिलिंडरचा लोब बेस सर्कलवर ठेवा, २२ फूट-पाउंड. लिफ्टर आदल्या रात्री तेलात बुडवून ठेवा. पहिल्यांदा सुरू करायच्या आधी इंधनाचा फ्यूज काढून स्टार्टरवर तेलाचं प्रेशर येईपर्यंत फिरवा.